सत्तरवरची थरथर

मी एका बाईंना माझी जुनी गाडी दिली आणि तिच्यातली एक थरथर त्यांना सांगितली नाही. पुढे त्यांनी फोन करून सरळ विचारलं, तेव्हा मी "नाही" म्हणालो. एवढीच माझी चूक. ऐकायला लहान वाटते. मलाही बरेच दिवस लहानच वाटली. पण त्या एका "नाही"मुळे यमुनाक्कांचा स्वतःच्या तळपायांवरचा विश्वास उडाला, आणि तो उडाला म्हणून त्यांनी वीसेक वर्षं चालवलेली मोटार शिकवण्याची शाळा बंद केली. त्यांच्याबद्दल लिहायचं तर हे आधी सांगून टाकायला हवं. नाहीतर पुढे मी जे चांगलं लिहीन, त्यातलं काहीच मला स्वतःला खरं वाटणार नाही.

यमुनाक्का म्हैसूरच्या कुवेंपुनगरात राहायच्या. कितीतरी पिढ्या म्हैसुरात रुजलेलं मराठी घराणं. घरात मराठीच, पण अशी, की जळगावहून नोकरीसाठी आलेल्या माझ्यासारख्याच्या हातून सुरुवातीला निम्मं वाक्य निसटून जायचं. एखादं वाक्य मराठीत सुरू व्हायचं, मध्ये "सुम्मने" म्हणजे उगाचच, "साकु" म्हणजे पुरे, असे थांबे घेत घेत कन्नडमध्ये जाऊन उभं राहायचं. उंच, काटकुळ्या, सुती नऊवारी नव्हे तर साधी पाचवारी, पण गाडी चालवताना निऱ्या घोट्याच्या वर खोचलेल्या. केसांत जाईच्या चार कळ्या. आणि पाय अनवाणी. गाडीत बसताना चपला काढून कापडी पिशवीत घालायच्या आणि पिशवी सीटखाली सरकवायच्या, देवळात शिरल्यासारखं. गाडीत रबरी पायपुसणी ठेवू द्यायच्या नाहीत. "पायपुसणं घातलं म्हणजे गाडीच्या तोंडात बोळा कोंबला," असं त्यांचं म्हणणं.

त्यांच्याकडे शिकायला फक्त बायका यायच्या. माझी बायको अश्विनी शिकायला गेली, तेव्हा पहिल्या दिवशी मीही मागच्या सीटवर जाऊन बसलो. ती घाबरेल, असं मला वाटलं होतं. अक्कांनी तिला चालकाच्या जागेवर बसवलंच नाही. शेजारी बसवलं, स्वतः स्टिअरिंग धरलं आणि म्हणाल्या, "चप्पल काढ. डोळे मीट."

"अक्का, मी शिकायला आले आहे."

"मग मी काय झोपायला बोलावलं? मीट की." मग आरशातून माझ्याकडे बघून, "तू पण, नवरोबा. सुम्मने बसून काय करतोस?"

मी डोळे मिटले. आजही तो अर्धा तास मला एखाद्या स्वप्नासारखा आठवतो. पापण्यांवरून झाडांच्या सावल्या सरकत होत्या, लाल, काळ्या, पुन्हा लाल. कुठेतरी कॉफी भाजल्याचा वास आला, पुढे उदबत्तीच्या कारखान्याचा. मग वळण, मग चढ, मग वाऱ्याचा आवाज बदलला आणि कळलं की आपण रिंग रोडला लागलो. गाडी वेग घेत होती. आणि मग अगदी हळू, एखादं मांजर सीटखाली येऊन घुरघुरावं तसं काहीतरी सुरू झालं.

"आलं?" अक्कांनी विचारलं.

"काहीतरी हलतंय," अश्विनी म्हणाली.

"कुठं? हाताला, बुडाला, की पायाला?"

अश्विनी लाजली. माझ्या तोंडून निघून गेलं, "मागून येतंय. बहुतेक डावीकडून."

अक्कांनी गाडी कडेला घेतली, थांबवली आणि मागे वळून माझ्याकडे पाहिलं. "हौदा? हो का? खरंच कळलं?" मग हसल्या. "तुझ्या पाठीला कान आहेत रे, मिलिंदा."

नंतर कळलं, ती थरथर मुद्दाम केलेली होती. नव्या विद्यार्थिनीच्या पहिल्या धड्याच्या आदल्या दिवशी अक्कांचा मेकॅनिक नंजुंडा एका चाकाच्या रिमवरचं तोल राखणारं शिशाचं छोटं वजन काढून ठेवायचा. दुसऱ्या दिवशी परत बसवायचा. असं वजन काढलेलं चाक गावात चाळीसच्या वेगाने निमूट फिरतं; सत्तरच्या आसपास बोलायला लागतं. त्यांचं सगळं शास्त्र तेवढं होतं आणि ते त्या बोटांवर मोजून दाखवायच्या. थरथर हाताला आली तर पुढची चाकं. बुडाला आली तर मागची. ब्रेकवर पाय ठेवल्यावरच आली तर ब्रेक. उभ्या गाडीतही आली तर इंजिन ज्यावर टेकलंय ते रबर. सत्तरला येते आणि ऐंशीला जाते ती चाकाच्या तोलाची. वेगाबरोबर वाढतच जाते ती वाईट, तिथे थांबायचं. "एवढंच की. बाकीचं नंजुंडाला माहीत. पण नंजुंडाला काय सांगायचं ते तुला माहीत पाहिजे. नाहीतर तू म्हणणार, गाडी कशीतरी करते. अय्यो, कशीतरी म्हणजे कशी?"

हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. त्यांच्या यजमानांकडे मोठी जुनी गाडी होती. ते कुणालाही हात लावू द्यायचे नाहीत, बायकोला तर नाहीच. "बारा वर्षं मी मागच्या सीटवर बसून गाडी शिकले," अक्का म्हणायच्या. "पुढं ते, मागं मी. बाहेरचं ते बघणार. मग मी आतलं ऐकत बसले." यजमानांची नजर अधू झाली, तेव्हा एके दिवशी तेच किल्ली पुढे करून म्हणाले, तू चालव. अक्कांनी पहिल्याच दिवशी गाडी दवाखान्यापर्यंत नेऊन आणली. येताना त्यांना सांगितलं, "तुमचा पुढचा उजवा ब्रेक चिकटतोय. तीन वर्षं झाली." तीन वर्षं का बोलली नाहीस, असं त्यांनी विचारलं. अक्का म्हणाल्या, "तुम्ही विचारलं कुठं?"

हा किस्सा त्या हसत सांगायच्या. पण विचारणं ही त्यांच्या लेखी मोठी गोष्ट होती. कुणी विचारलं तर खरं सांगायचं, आणि आपण विचारलं तर समोरचा खरंच सांगणार, असं त्या धरून चालत.

एकदा आम्ही तिघं एका लग्नाहून रिक्षाने परत येत होतो. अक्का बोलता बोलता गप्प झाल्या. चप्पल काढली, तळपाय पत्र्यावर टेकवला आणि रिक्षावाल्याला कन्नडमध्ये म्हणाल्या, बाबा, बाजूला घे. तो वैतागला. अम्मा, रस्ताच तसा आहे, म्हणाला. "रस्त्याचा धक्का येतो आणि जातो," अक्का म्हणाल्या. "हे येतंय आणि वाढतंय." तो कुरकुरत उतरला, मागच्या चाकाशी वाकला, आणि बराच वेळ वर आलाच नाही. चाकाचे दोन नट हाताने फिरत होते. अक्का घरापाशी उतरल्या तेव्हा त्यांची पिशवी त्याने दारापर्यंत नेऊन दिली.

जुनी गाडी विकत घेण्याआधी लोक अक्कांना बोलवायचे. त्या मागे बसायच्या, डोळे मिटायच्या, रिंग रोडची एक फेरी व्हायची. मोबदला म्हणून फक्त हातभर जाईचा गजरा, देवासाठी. एकदा आमच्या विजयनगरातल्या एका गृहस्थांनी पसंत केलेल्या चकचकीत गाडीतून उतरल्यावर त्या म्हणाल्या, "रंग चांगला आहे." गृहस्थ पुढच्या वाक्याची वाट बघत राहिले. पुढचं वाक्य नव्हतंच. त्यांनी गाडी घेतली नाही.

आता माझ्या गाडीकडे येतो.

फिकट निळी, पेट्रोलवर चालणारी, नऊ वर्षं माझ्याकडे होती. एका पावसाळ्यात हुणसूरहून येताना पाण्याने भरलेल्या खड्ड्यात पुढचं डावं चाक आपटलं. त्यानंतर सत्तरला स्टिअरिंग हातात नाचायला लागलं. टायरवाल्याने चाक फिरवून दाखवलं. रिमची आतली कड वाकलेली होती. बदलायला हवी, म्हणाला. तशी रिम त्याच्याकडे नव्हती, मागवावी लागणार होती, आणि मी घाईत होतो. तो म्हणाला, मग सध्या हे चाक मागे लावू का सर? मागे लावलं की हाताला कळत नाही.

खरंच कळलं नाही. म्हणजे हाताला कळलं नाही. पाठीला कळायचं. सत्तरला सीटखाली ते मांजर यायचं, ऐंशीला निघून जायचं. पहिले काही दिवस मी म्हणायचो, रिम मागवायची आहे. मग म्हणेनासा झालो. म्हैसुरातच हेब्बाळला ऑफिसला जाताना सत्तर कुठे लागतं? शेवटी शेवटी मला ते जाणवायचंही थांबलं, किंवा असं मी स्वतःला सांगत होतो.

नवी गाडी बुक केली त्याच सुमारास अक्कांची लाल गाडी थकली होती. "तुझी दे मला," त्या म्हणाल्या. "माणूस माहितीचा असला म्हणजे गाडी माहितीची." मी त्यांना फेरीसाठी न्यायला गेलो. त्या मागे बसल्या, चपला पिशवीत, डोळे मिटलेले. विजयनगर ते कुवेंपुनगर, गर्दीतून, कुठेही पंचेचाळीसच्या वर नाही. घर जवळ आलं तेव्हा त्यांनी विचारलं, "रिंग रोडला नेऊया काय रे?"

"अक्का, आज ऑफिसचा कॉल आहे हो. आणि तसं काही नाहीच गाडीत."

"तू म्हणतोस तर बेडा," म्हणजे नको मग, असं म्हणून त्यांनी डोळे उघडले.

कॉल नव्हता. तुमच्याकडून शिकूनसुद्धा मी वाकलेलं चाक मागे लपवलं, हे त्यांना सांगायची लाज वाटली, एवढंच. ज्याच्या पाठीला कान आहेत तो माणूस मला त्यांच्या डोळ्यांत तसाच राहू द्यायचा होता.

पुढचे काही महिने निळी गाडी गल्लीबोळांत बायकांना क्लच शिकवत फिरली. मग लाल गाडी मोडीत गेली आणि पहिला धडाही निळीतच द्यायची वेळ आली. त्या संध्याकाळी अक्कांचा फोन आला.

"मिलिंदा, एक विचारू? नंजुंडानं वजन पुढच्या चाकाचं काढलंय. हाताला येतंय ते बरोबर. पण मला मागूनही येतंय. सत्तरला. तू नऊ वर्षं चालवलीस. पूर्वी होतं काय?"

मी तेव्हा बाल्कनीत उभा होतो. खाली कुणीतरी अंगणाला पाणी मारत होतं. मला आठवतं, मी त्या पाण्याकडे बघत होतो आणि उत्तर आधीच तोंडात तयार होतं.

"नाही अक्का. कधीच नाही."

मग त्या म्हणाल्या, "मग माझेच पाय."

त्यांना साखरेचा आजार होता. त्याच महिन्यात डॉक्टरांनी सांगितलं होतं, की साखरेने तळपायांच्या नसा हळूहळू बधिर होतात, मुंग्या येतात, नसलेलं काही जाणवायला लागतं. हे मला नंतर कळलं. पण नंतर म्हणजे आठवड्याभरातच कळलं, आणि तरीही मी परत फोन केला नाही. हे लिहायला मला सगळ्यात जड जातंय.

अश्विनी अधूनमधून त्यांच्याकडे जायची. एकदा येऊन म्हणाली, "अक्का आता डोळे मिटायला सांगत नाहीत. पहिल्या दिवशीच स्टिअरिंग हातात देतात." पुढे एकदा म्हणाली, "अक्कांनी गाडीत पायपुसणं घातलंय." मी पेपर वाचत होतो. पान उलटलं नाही आणि वाचलंही नाही. त्यानंतर काही महिन्यांनी शाळेची पाटी उतरली. का बंद केलीत, असं अश्विनीने विचारलं तेव्हा अक्का म्हणाल्या, "पाय खोटं सांगायला लागले, अगं. खोटं सांगणाऱ्यानं शिकवू नये."

निळी गाडी त्यांच्या दारातल्या करंजाखाली उभी राहिली. टपावर करंजाची फुलं पडायची, सुकायची, पुन्हा पडायची. त्या रस्त्याने जाताना मी मान दुसरीकडे वळवायचो. अशी दोन वर्षं गेली.

गेल्या उन्हाळ्यात अश्विनीने सांगितलं, अक्का कायमच्या हुबळीला निघाल्यात, मुलीकडे. घर भाड्याने दिलंय. गाडी भंगारात जाणार. पुढच्या रविवारी निघणार.

मी नंजुंडाच्या गॅरेजमध्ये गेलो आणि म्हटलं, निळी गाडी एकदा रस्त्यावर आणायची आहे. त्याने करंजाखाली जाऊन बॅटरी बदलली, चाकांत हवा भरली. तो परत आल्यावर मी त्याला सगळं सांगितलं, वाकलेल्या रिमसकट. तो पान्याने हात खाजवत ऐकत राहिला. म्हणाला, "मला अक्कांनी सांगितलंच नाही सर. सांगितलं असतं तर दहा मिनिटांत चाक काढून बघितलं असतं." मग म्हणाला, "तुम्हाला विचारल्यावर मला कशाला सांगतील?" रिम बदलू का, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, आज नको. उद्या, अक्कांना फेरी मारून आणल्यावर.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी अक्कांच्या दारात होतो. घरात खोकी बांधलेली. त्या बारीक झाल्या होत्या, पायांत मऊ सोलची पांढरी चप्पल.

"जाण्याआधी एक फेरी मारू या, अक्का. रिंग रोडला."

"आता कशाला रे? साकु."

"माझ्यासाठी."

त्यांनी चष्मा पुसला आणि त्या आल्या. मागचं दार उघडून बसल्या. मी मागचं पायपुसणं काढून डिकीत टाकलं. गाडी गल्लीच्या तोंडाशी आली तेव्हा मला पिशवीचा आवाज आला. चपला पिशवीत गेल्या होत्या.

सकाळचं धुकं अजून पुरतं विरलं नव्हतं. चामुंडीची टेकडी कुणी पुसून टाकावी तशी अर्धीच दिसत होती. गाडी निघाल्यापासून धडधडत होती, सगळ्या बाजूंनी, अगदी तिशीलाही. एवढी तर ती कधीच हलत नव्हती.

"हे उभं राहून आलेलं," अक्का मागून म्हणाल्या. आवाज झोपेतून यावा तसा होता. "दोन वर्षं एका जागी उभी. टायर खालून चपटे झालेत. तापले की जाईल."

आरशात पाहिलं. त्यांचे डोळे मिटलेले होते.

दहाएक मिनिटांनी ती धडधड खरंच गेली. गाडी तलावावरून सरकल्यासारखी चालायला लागली. रस्ता मोकळा होता, दोन्ही बाजूंची झाडं धुक्यातून येऊन धुक्यात जात होती, आणि मला क्षणभर वाटलं, ही फेरी अशीच चालू राहावी, मला काही बोलावंच लागू नये. पन्नास. साठ. पासष्ट.

सत्तरला ते मांजर आलं.

मी आरशात त्यांचा चेहरा बघत होतो. भुवया जवळ आल्या. मग उजव्या हाताने त्यांनी सीटची कड धरली आणि सोडली. पुन्हा धरली.

"मिलिंदा," त्या अगदी हळू म्हणाल्या, "मला मागून येतंय. डावीकडून. पण माझ्या पायांचं तू खरं धरू नकोस."

"अक्का," मी म्हणालो आणि मान मागे वळवली.

"पुढं बघ," त्या म्हणाल्या. डोळे मिटूनच. "काय सांगायचं ते पुढं बघून सांग."

मी पुढे बघून सांगितलं. हुणसूरचा खड्डा, वाकलेली कड, टायरवाला, नसलेला कॉल, बाल्कनी. सांगताना माझा पाय नकळत ढिला झाला असावा.

"कमी करू नको. सत्तरच ठेव."

मी सत्तर ठेवलं. थरथर चालू राहिली, सीटमधून, पाठीतून, बोलताना माझ्या आवाजातूनही. आरशात त्यांचे डोळे अजून मिटलेलेच होते. चेहरा दिसत होता, राग आहे की नाही ते कळत नव्हतं. फक्त खाली कुठेतरी पत्र्यावर त्यांचा तळपाय उचलला जात होता आणि पुन्हा टेकत होता, उचलला जात होता आणि पुन्हा टेकत होता, विहिरीचं पाणी किती गार आहे ते बघावं तसा.

"होतं की मग," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "होतं."

"होतं, अक्का. तेव्हाही होतं. तुमचे पाय खरंच सांगत होते. खोटं मी बोललो. माझं चुकलं. मला माफ करा."

हे मी समोरच्या धुक्याकडे बघत म्हणालो. त्यांनी सांगितलं होतं तसं, मान न वळवता.